सावंत लावणे

आडनाव सांगायला माझी हरकत नाही. मुंबईत डोळे मिटून दगड भिरकावला तर तो एखाद्या सावंतालाच लागेल, त्यामुळे मी नेमकी कुठली ते कुणाला कळायचं नाही. नाहूरच्या आमच्या इमारतीतच चार सावंत होते. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांमुळे आडनावाला नवा अर्थ आला, आणि ते माझे बाबा.

पहाटे साडेपाचला डबा घेऊन पहिल्या पाळीला निघणारा माणूस. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटलं तरी भोंगा वाजायचं चिन्ह नव्हतं, आणि बाबा रॉकेलच्या रांगेत उभे राहायला लागले. आमच्याकडे रेशनच्या दुकानासमोर माणसांऐवजी कॅन रांगेत ठेवायची पद्धत होती. कुणीतरी शेजारी थांबून ते पुढे सरकवायचे, एवढंच काम. शेजारपाजारचे लोक आपापले कॅन सकाळीच आमच्या दाराशी ठेवून जात, आणि बाबा ते सगळे घेऊन जात. मध्ये कुणाला घुसू देणं नाही, की मिनिटभर चहाला जाणं नाही.

हळूहळू लोक विचारू लागले, “आज रॉकेल आहे, सावंत लावला का?” मग तो शब्द सुटलाच. दुधाच्या केंद्रावर कुणी पिशवी ठेवून जागा धरली की ‘सावंत लावला’. मैदानात एखादा बॅट्समन धड रन काढेना आणि आउटही होईना, की पोरं म्हणत, “पूर्ण सावंत खेळतोय यार.” बँकेत नोकरी करणाऱ्या तळमजल्यावरच्या सावंतांनी तर दारावरची पाटीच बदलली आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहून मोकळे झाले.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. दहावीचा निकाल लागला, गुणपत्रिका घ्यायला शाळेत रांगेत उभी होते, तर पुढची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “तू ये सावकाश, मी सावंत लावते तुझा.” सगळ्या माझ्याकडे बघून फिदीफिदी हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेल्यावर मी दारातले शेजाऱ्यांचे सहाच्या सहा कॅन उचलले आणि ज्याचे त्याला नेऊन दिले. प्रत्येक दारात सांगितलं, “यापुढे आपापली रांग आपणच लावा.” बाबांची अब्रू वाचवल्याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

बाबा बाहेर आले. दाराशी फक्त आमचा कॅन. त्यांनी घातलेला शर्ट काढून परत खुंटीला लावला. त्या दिवशी रॉकेल आईने आणलं. पुढचा आठवडाभर बाबा खाटेवर बसून होते. दाढी वाढली. आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलेनात, आणि आई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायची.

शेवटी शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं.

“तुला काय वाटलं गं, आम्ही त्यांना राबवत होतो? माझा मुलगा दिवसभर घरात लोळतो, त्याला पाठवता आलं नसतं मला? संपानंतर तुझे बाबा ह्याच पायरीवर बसून राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. तुझ्या आईला बघवेना. म्हणून पहिला कॅन मी आणून ठेवला. म्हटलं, भाऊजी, जाताना एवढा न्याल का? तर दाढीबिढी करून निघाले. मग सगळ्याच ठेवायला लागलो.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. चाळीस वर्षं होत आली, पण त्या बायकांची आठवण आली की अजून मन भरून येतं. मदत करतोय असं त्यांनी कधी जाणवूच दिलं नाही. उलट त्याच मदत मागत राहिल्या.

त्या संध्याकाळी मी खाटेसमोर जाऊन उभी राहिले.

“बाबा, उद्या मुलुंडला कॉलेजचे फॉर्म मिळणार आहेत. मोठी रांग असेल.” मग जो शब्द मला ऐकवत नव्हता, तोच मी काढला. “माझा सावंत लावाल?”

बाबांनी खाटेवरून पाय खाली सोडले.

“खिडकी किती वाजता उघडता गो?”

“दहाला.”

“मगे साडेपाचाक निघतंय.”

मुलुंड तर आमच्यापासून चालत अर्ध्या तासावर. पण मी लगेच हो म्हटलं. पहाटे मला जाग आली ती भाकऱ्या थापण्याच्या आवाजाने. फळीवर उपडा पडलेला गिरणीचा डबा घासूनपुसून आई त्यात भाजी भरत होती. बाबा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यात उभे होते, आणि डब्याला उशीर होतोय म्हणून तिच्यावर करवादत होते.