दाऊद इस्माईलची खबर

रफिक कुठलाही कागद खालून वर वाचायचा. दुबईपलीकडच्या खोर फक्कानच्या पोर्टवर एकतीस वर्षं तो गेटवर चेकर होता, कंटेनरचे पेपर बघून गाडी सोडायचा. त्याचं म्हणणं, वर काय लिहिलंय ते सगळेच वाचतात, गडबड खाली असते. सही कोणाची, हजर कोण होतं, ते आधी बघायचं. घरात पण तेच. पोरीचा, एमानचा, शाळेचा रिझल्ट आला की मार्क नंतर, टीचरची सही आधी. नूरजहाँ त्याला म्हणायची, मला पसंत केलीत ती पण पायाकडनंच ना. तो म्हणायचा, हो, चपला झिजलेल्या होत्या, म्हटलं बाई कामाची आहे.

असा माणूस आठ वर्षं चुकीच्या वह्या वाचत बसला. नूरजहाँला राग येतो तो ह्याचा. आणि ज्याने बसवला त्याचा.

आता मुळातनं सांगायला पाहिजे. रफिकचा आजोबा दाऊद नि दाऊदचा मोठा भाऊ हुसेन, दोघं जयगडच्या खाडीपलीकडचे. दोघं इंग्रजांच्या बोटीवर आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा मारायचं काम. एकोणीसशे तीस साली दोघं एकाच बोटीवर चढले नि दुसऱ्या वर्षी हुसेन एकटाच परत आला. अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला की दाऊद लंडनला उतरून पळाला, मडम केलीय त्याने, त्याची वाट बघू नका. दाऊदची बायको अमीना तेव्हा वीस वर्षांची, कडेवर दीड वर्षांचा याकूब. हाच याकूब म्हणजे रफिकचा बाप.

दाऊद मेला असं कळलं असतं तर अमीना विधवेसारखी इद्दतीला बसली असती, त्याच्या नावाने फातिहा झाला असता, पोराला बापाचा हिस्सा मिळाला असता. पण नवरा जिवंत नि पळालेला, मग ती ना धड बायको ना धड विधवा. घर हुसेनने सांभाळायला म्हणून घेतलं नि त्याचंच झालं. अमीना मागच्या पडवीत राहिली, दुसऱ्यांचे मासे सुकवून पोर वाढवलं. ती एकच सांगायची, मेल्याची खबर कोणी आणली नाही, तोवर माझ्या बांगड्यांना हात लावायचा नाही. पन्नास वर्षं हिरव्या बांगड्या घातल्या तिने. मेली तेव्हा मयताला गुसल, म्हणजे आंघोळ, देणाऱ्या बायकांनी त्या फोडल्या नाहीत, साबण लावून हळूच सरकवून काढल्या. रफिक चौदा वर्षांचा होता, दाराबाहेर उभा होता, त्याच्या हातात दिल्या. तेव्हापासून त्या त्याच्याकडेच, बिस्किटाच्या डब्यात.

याकूबला गावात मडमवाल्याचा म्हणायचे. रफिकला पण. त्याच्या स्वतःच्या लग्नात कोणीतरी विचारलं होतं, लंडनच्या आजीला पत्रिका टाकली का. हे विचारणारा तहा. हुसेनचा नातू. दुबईत रास अल खोरला त्याचं कांद्याबटाट्याचं मोठं गोदाम आहे नि गावच्या मंडळाचा इथला अध्यक्ष तोच आहे. मंडळ दर वर्षी शबे-बरातीच्या आधीच्या शुक्रवारी, जुम्म्यानंतर, हॉल घेऊन कुराणखानी करतं. गावच्या मेलेल्या सगळ्या माणसांची यादी आहे, ती तहा माईकवर वाचतो नि सगळे दुआ करतात. शंभर वर्षांपूर्वीची पण नावं आहेत तिच्यात. दाऊदचं नाही.

रफिकला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, त्या यादीत आजोबाचं नाव. पुढं होऊन मागितलं पण त्याने एकदा. तहा सगळ्यांसमोर हसला.

"मेल्याचा पुरावा आण ना हबीबी. जिवंत माणसाचा फातिहा वाचला तर गुन्हा आपल्याला लागेल. बसला असेल अजून मडमेच्या हातचा चहा पीत."

हॉल हसला. बायकांच्या बाजूला नूरजहाँ बसली होती, तिच्या बाजूची पण हसली.

त्या दिवसापासून रफिकने लॅपटॉप उघडला. सातवी शिकलेला माणूस. इंग्लिश वाचायचा तो कंटेनरपुरतं. एमानने शिकवलं कुठं क्लिक करायचं. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या वह्या आता नेटवर टाकल्यात, पानाचा फोटो काढून, त्यात लग्नं, बारशी, दफन सगळं. रफिकने लंडनच्या गोदीजवळची चर्चं धरली नि लग्नांच्या वह्या काढल्या. ड्युटीवरून आला, नमाज झाली, जेवला की चष्मा लावून बसायचा. एकोणीसशे तीसपासून पुढं, एक एक पान, एक एक चर्च. नवरा कोण, काय काम करतो, नवरीचा बाप कोण. कुठल्या पाद्र्याचं अक्षर कसं, हे त्याला पाठ झालं होतं. नूरजहाँला सांगायचा, ही मेरी बघ, आधी कुमारी म्हणून लिहिलीय, तीन वर्षांनी परत आलीय, आता विधवा लिहिलीय. ह्यांच्यात बाईचं काय ते एका शब्दात लिहून टाकतात. आमच्या दादीला कुठल्या शब्दात लिहिलं असतं?

आठ वर्षांत दाऊद इस्माईल कुठल्या मडमेचा नवरा म्हणून सापडला नाही.

एमान अबुधाबीला बँकेत लागली. एकदा सुट्टीला आली नि सरळ बोलली, "पप्पा, व्हाय आर यू ओन्ली चेकिंग मॅरेजेस? चेक डेथ्स." रफिक कधी पोरीवर आवाज चढवत नव्हता, त्या दिवशी चढवला. म्हणाला, दादीने जे केलं नाही ते मी करू? मी स्वतः शोधून तिला विधवा करू? लॅपटॉप बंद केला नि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

चूक तीच होती. हुसेनने अंगणात सांगितलेली गोष्ट याकूबने खरी मानली, रफिकनेही मानली. लाज वाटायची, चीड यायची, पण खरी मानली. आजोबा पळाला असं ज्याला वाटतं तो लग्नाच्याच वहीत शोधणार.

एमानने ऐकलं नाही. अबुधाबीला लंच टाइममध्ये इंग्लंडच्या सरकारी मृत्यूंच्या लिस्टमध्ये नाव टाकलं. दोन मिनिटं लागली. दाऊद इस्माईल, वय एकोणतीस, लंडन, एकोणीसशे एकतीस. पूर्ण दाखला मागवायला आठ पाउंड, म्हणजे चाळीस दिरहम, म्हणजे साडेनऊशे रुपये. तिने बापाला न विचारता भरले. दाखला आला तो सरळ त्याच्या फोनवर पाठवला.

रफिक गेटवर होता. त्याने नेहमीसारखा खालून वाचला.

घरी आला तो बूट न काढता आला. सोफ्यावर बसला नि फोन नूरजहाँच्या हातात दिला. वर लिहिलं होतं, गोदीजवळचं खलाशांचं लॉजिंग हाऊस, निमोनिया, जहाजावरचा आगवाला. खाली रकाना होता, मृत्यूची खबर देणारा कोण. तिथे लिहिलं होतं, हुसेन इस्माईल, भाऊ, मृत्यूच्या वेळी हजर. आणि सहीच्या जागी एक फुली.

नूरजहाँने दोनदा वाचलं. भावाच्या डोक्याशी बसून त्याला मरताना बघितला. ऑफिसात जाऊन साहेबाला सांगितलं, फुली मारली. मग बोटीत बसून घरी आला नि अंगणात सांगितलं की मडम केली.

तिला वाटलं रफिक ओरडेल, काहीतरी फोडेल. तो एवढंच म्हणाला, "इंग्रजाला खरं सांगितलं गं त्याने."

त्याच दिवशी त्याने तहाला फोन लावला. भांडायला नाही. म्हणाला पुरावा आलाय, नाव लिही. दाखला पाठवला. तहाने बघितला नि म्हणाला की गोऱ्यांचे कागद, कोणाचंही नाव लिहितात, दाऊद इस्माईल काय एकच आहे दुनियेत, जुने मुडदे कशाला उकरतोस, यल्ला, खलास कर आता. पाच दिवसांनी रफिक गेटवरच छाती धरून खाली बसला तो उठला नाही. अठ्ठावन्न वर्षांचा. डॉक्टर म्हणाले आधीचे ब्लॉकेज होते. असतील. नूरजहाँ कोणाशी वाद घालत नाही. पण ते पाच दिवस तो जेवला किती नि झोपला किती, ते डॉक्टरने बघितलं नाही, तिने बघितलं.

खोर फक्कानलाच डोंगराखाली त्याला माती दिली. नूरजहाँ इद्दतीला बसली, चार महिने दहा दिवस, घराबाहेर पाऊल नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. एमान सुट्टी टाकून आली.

विसाव्या दिवशी तहा आला. शबे-बरात जवळ आली होती, म्हणून यादीचं रजिस्टर काखेत मारून आला, रफिकचं नाव लिहायला. हॉलमध्ये बसला. नूरजहाँ बेडरूमचं दार अर्धं लावून आत. एमानने चहा ठेवला. तहाने मोठा श्वास सोडला नि सुरू झाला. रफिक माझ्या भावासारखा होता, भाभी. नशीबवान, बघा, आपल्या माणसांत गेला, नाहीतर काही जण परक्या मुलखात...

नूरजहाँ आतून बोलली. एमान सांगते की मम्मीचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, अजिबात चढलेला नव्हता.

"तहाभाई, एमान एक कागद देईल. तो खालून वाचा."

एमानने प्रिंट त्याच्यासमोर धरली. त्याने हातात घेतली नाही. म्हणाला, बघितलाय मी, भाभी, रफिकला बोललो पण होतो. नूरजहाँ म्हणाली, मग मोठ्याने वाचा, माझ्या पोरीला ऐकू दे. चहावर साय धरली.

मग तो मऊ झाला. आवाज खाली आणून म्हणाला, ठीक आहे, दाऊदआजोबांचं नाव लिहितो, रफिकच्या वरच लिहितो. फक्त हा कागद घरात राहू दे. गावच्या मस्जिदीच्या हौदावर माझ्या आजोबांचं, हुसेनचं नाव आहे, लोक नमाजाआधी त्या पाण्याने वजू करतात. मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढायची.

"चौऱ्याण्णव वर्षं दुसऱ्या मेलेल्याची काढली ना," नूरजहाँ म्हणाली. "तेव्हा कोणाला पाणी कडू लागलं?"

त्याने खिशातलं पेन काढलं. लिहिलं, मरहूम दाऊद इस्माईल. वफात एकोणीसशे एकतीस, लंडन. एमान बघत होती, तिने आत सांगितलं, "ही रोट इट, मम्मी."

"खबर कोणी दिली ते लिहा."

"भाभी, तसा रकाना नसतो यादीत."

"मग आखा."

टेबलावर रफिकची स्टीलची फूटपट्टी होती, तिने तो गेटपासचे कागद सरळ फाडायचा. एमानने ती उचलून तहाच्या समोर ठेवली. तहा दाराकडे बघत राहिला. दार अर्धंच उघडं, आतली बाई दिसत नव्हती. एमान म्हणते तो निघून जाईल असं तिला वाटलं होतं. पण नूरजहाँने पुढचं पण सांगून ठेवलं, की रकाना नाही आखला तर हा दाखला आज मंडळाच्या ग्रुपवर जाईल, दोनशे चाळीस माणसं आहेत त्यात, नि खाली ती काही लिहिणार नाही, लोक वाचतील.

तहाने रेघ ओढली. पट्टी हलली नि रेघ वाकडी आली. तिच्यापुढे लिहिलं, हुसेन इस्माईल, भाऊ, हजर.

"झालं का समाधान?"

"नाही. शुक्रवारी वाचायचंय."

कुराणखानीला नूरजहाँला जाता येत नव्हतं, एमान गेली नि फोनवर सगळं रेकॉर्ड करून आणलं. घरी येऊन लावलं. नूरजहाँ बिस्किटाचा डबा मांडीवर घेऊन ऐकत होती. तहा घाईघाईत वाचतो, पण वाचतो. मरहूम दाऊद इस्माईल, खबर देणारा हुसेन इस्माईल, भाऊ, हजर, एवढं आल्यावर हॉलमध्ये कुजबुज होते. मग अमीना दाऊद, याकूब दाऊद, रफिक याकूब. एकेका नावाला नूरजहाँ आमीन म्हणाली, मोठ्याने, शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मग यादीत हुसेन इस्माईलचं नाव आलं. रेकॉर्डिंगमध्ये सगळा हॉल आमीन म्हणतो.

नूरजहाँ नाही म्हणाली.