तीस वर्षांनी एका घरात

कुसुम,

मिरजेचं क्वार्टर सोडलं त्या सकाळी टेम्पोत चढवायला फार काही नव्हतंच. दोन ट्रंका, शिलाई मशीन आणि भांड्यांचं एक पोतं. बुद्धमूर्ती मांडीवर घेऊन मी ड्रायव्हरशेजारी बसले. वॉर्डातल्या सगळ्या नर्स फाटकापर्यंत आल्या होत्या. तू जतहून पहाटेच्या एसटीनं आलीस आणि रडायचं सोडून खिडकीशी येऊन हळूच विचारलंस, "आक्का, भाऊजींसंगं राहायला जमंल का गं तुला?"

मी हसून मान वळवली. पण साताऱ्यापर्यंत तो प्रश्न माझ्यासोबतच होता.

तुला माहीतच आहे आमचा संसार कसा झाला. माझी नोकरी मिरजेच्या दवाखान्यात, यांची धरणांच्या कामावर. एक धरण झालं की दुसरं. शनिवारी संध्याकाळी यायचे, रविवारी दुपारी पिशवी उचलायचे. पोरगी जतला आपल्या आईनंच वाढवली. हे माझ्या आधी दोन वर्षं रिटायर झाले, आणि शेवटच्या धरणाच्या वरच्या अंगाला, चढावर, दोन खोल्या बांधून राहिले. मी आले ती त्यांनी लावलेल्या घरात.

चैत्र लागला होता. पाणी पार खाली गेलेलं, काठाचा गाळ उघडा पडलेला. त्या गाळात खालच्या वस्तीतल्या बायकांनी काकड्या, कलिंगडं केली होती. दुपारी सगळं चिडीचूप. चार वाजले की पाण्यावरनं वारा सुटायचा आणि बगळे उठायचे. इतकं सुंदर, आणि मी ओसरीवर बसून रडायचे.

कारण मला काही कामच नव्हतं. पाचला उठावं तर चहा तयार. झाडू घ्यावा तर अंगण झाडलेलं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की हे म्हणायचे, "तू बस. जन्मभर राबलीस, आता बस की." पहिला आठवडा लय बरं वाटलं. चौथ्या आठवड्यात मी पिठलं करायला कढई ठेवली, तर यांनी माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"आवं, मी हितं पाहुणी हाय का?" मी ओरडलेच. कपडे पिशवीत कोंबले. "मी मिरजेला जाते."

त्यांनी अडवलं नाही. गॅस बंद केला आणि पायरीवर जाऊन बसले. मी पिशवी घेऊन बाहेर आले, तेव्हा पाण्याकडं बघतच बोलायला लागले.

"पयल्या कामावर खानावळ व्हती. माजं ताट येगळं असायचं. भाईर. जेवून आपलं आपण धुवायचं आणि पालथं घालायचं. चार दिस जेवलो. पाचव्या दिशी स्टो इकत आणला. तवापासनं माज्या चुलीला कुणाचा हात लागू दिला न्हाई."

"मला कवाच बोलला न्हाई?"

"रविवारची दोन घटका भेट. त्यात ते कशाला काढायचं?"

कुसुम, आयुष्यभर मी पेशंटना विचारत आले, कुठं दुखतंय? या माणसाला कधी विचारलंच नाही. पिशवी तिथंच ठेवून मी आत गेले आणि पिठलं केलं. हे दारात उभे होते. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मग आपणहून कांदा फोडायला बसले. पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

तीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला त्यांनी नाव ठेवलं नव्हतं. पाहुणा कुठं नाव ठेवतो? मी इतकी हसले की त्यांनाही हसू आवरेना.

आता एक दिवस ते करतात, एक दिवस मी. उन्हं उतरली की दोघं गाळातल्या पायवाटेनं खाली जातो आणि पाण्यात पाय सोडून बसतो. खालच्या वस्तीतल्या सुभेदाराच्या बायकोनं हाक मारून काकड्या द्याव्यात, आम्ही तिथंच खाव्यात. माझ्या वाट्याला असे दिवस येतील असं वाटलं नव्हतं. कुणाचे आभार मानू, ते मला समजत नाही. मग रोज सकाळी वंदनेला जरा जास्त वेळ बसते.

मागच्या पत्रात तू विचारलंस, आता घर कुठलं म्हणायचं, जत का मिरज? त्याचं उत्तर मला परवा मिळालं. डोळे दाखवायला मिरजेला गेले होते. मैत्रिणींनी दोन दिवस ठेवून घेतलं. परतीची गाडी लेट, साताऱ्याला उतरले तर दुपार कलली होती. आजवर यांना गाडीवर सोडायला मी जायचे. मला न्यायला कधी कुणी आलं नव्हतं. प्लॅटफॉर्मच्या बाकावर हे छत्री मांडीवर घेऊन बसलेले.

"कवाधरनं बसलाय?"

"सकाळच्या गाडीपासनं," माझी पिशवी घेत म्हणाले. "कुठल्या गाडीनं येणार, ते तू सांगितलं न्हवतंस."