शेऱ्याचा रकाना

ती दोनशे पानी वही आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एखादा गुन्हा सांगा म्हटलं की मला ही वहीच आठवते आणि स्वतःचा थोडा रागही येतो.

तेव्हा मी भाईंदर पूर्वेच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली होती. पालीच्या कोळीवाड्यातला एक पंचविशीतला तरुण ठाणे अंमलदारासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, माझ्या नावावर तीन सिमकार्ड हायत, पन मी एकबी घेतलं न्हाय. काल बाहेरच्या राज्याचे पोलीस घरी आले व्हते."

त्या सिमकार्डांवरून तिकडे लोकांना फसवलं जात होतं. घरच्या बोटीवर न जाता नोकरी करायची म्हणून या पोराने नोकऱ्यांच्या वेबसाइटवर बायोडेटा टाकला होता. आठवड्याभरात एका कंपनीच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी व्हिडिओ कॉलवर फोटो घेतला, आधारची प्रत मागवली, मोबाइलवर आलेले ओटीपी विचारले. पुढे नोकरीचं नाव नाही. बोलता बोलता मॅडम आपण गोडदेवला राहतो असं म्हणाल्या होत्या, म्हणून तो आमच्याकडे आला. फसवणारा माणूस आपला खरा पत्ता कशाला सांगेल, असं माझ्या मनात आलं होतं. पण तो विचार मी तिथेच सोडून दिला.

मॅडमचा नंबर खऱ्या नावावर, खऱ्या पत्त्यावर निघाला. नोटीस गेली आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ती हजर झाली. अडतिशीची, मूळची रत्नागिरीकडची, कापडी पिशवी छातीशी धरलेली. पूर्वी फोर्टला एका कुरिअर कंपनीत आवक-जावक सांभाळायची. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. आता नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता.

"साहेब, मी तर नोकरी करतेय," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. ऑफर लेटर आहे माझ्याकडे. सर रोज लिस्ट पाठवतात, मी उमेदवारांना कॉल करते. सर बंगलोरला असतात."

"सरांना कधी पाहिलंय?"

"नाही. मीटिंगला त्यांचा कॅमेरा बंद असतो. साहेब, माझं रजिस्टर दाखवू का?"

"विचारलं तेवढंच सांगा."

तिने अर्धवट बाहेर काढलेली वही पिशवीत परत ठेवली. जाताना मात्र दारात थांबली. "एका शाळेत क्लार्कची जागा आहे. ऑनलाइन फॉर्म भरतेय. त्यात रकाना आहे, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का? सोमवारपर्यंत पाठवायचाय. मी काय लिहू?"

मी म्हटलं, सोमवार यायचाय अजून.

'सरां'चे कॉल इंटरनेटवरून यायचे आणि त्यांचा ठावठिकाणा भलत्याच देशातला निघायचा. वरिष्ठांचे फोन सुरू झाले होते. हाताशी आयती आरोपी होती: आवाज तिचा, नंबर तिचा, ओटीपी घेणारी तीच. दुसऱ्या दिवशीही मी तिला तेच तेच विचारलं. तिने पुन्हा वहीचं नाव काढलं आणि मी पुन्हा तिला झापलं. तिला आरोपी करण्याचे कागद मी तयार करायला घेतले होते, हे इथे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी आमच्या महिला हवालदार म्हणाल्या, "सर, ती बाई रोज पिशवीतून वही आणते आणि तशीच परत नेते. एकदा बघून तरी घ्या."

वही उघडली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, उमेदवाराचं नाव, काय कागद घेतले, सरांना कधी पाठवले. शेवटचा रकाना शेऱ्याचा. कुरिअरच्या ऑफिसात जशी सवय लागली होती, तशीच तिने ही नोकरी घरच्या ओट्याशेजारी बसून केली होती. शेऱ्यात एका दिवशी लिहिलं होतं: 'लाईट गेली. सरांचा कॉल तुटला. माझे मोबाइलचे नेट चालू. लाईट आल्यावर सरांचा कॉल आला.' तीन आठवड्यांत अशा चार नोंदी होत्या.

"बाई, लाईट गोडदेवला गेली तर बंगलोरचे सर का गायब होतात?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ते मी सरांना विचारलं होतं. इधर भी नेट गया था, म्हणाले."

त्या चार वेळा घेऊन मी वीज कंपनीच्या कार्यालयात माणूस पाठवला. चारही वेळा बिघाड एकाच डीपीत, म्हणजे वस्तीतल्या विजेच्या पेटीत, झाला होता. त्या डीपीवर तिची चाळ आणि शेजारच्या दोन गल्ल्या, एवढंच. त्या गल्ल्यांत कोणी ओळखीचं आहे का, असं तिला विचारलं.

"ऑनलाइन फॉर्म भरून देतात ना, त्यांचं दुकान आहे. माझा बायोडेटा त्यांनीच केला, वेबसाइटवर टाकला. ईमेलपण त्यांनीच काढून दिला."

"पासवर्ड?"

"त्यांच्याच वहीत आहे. मला कुठे लक्षात राहणार?"

आपल्याकडे सगळे हेच करतात. दुकानदाराकडे गल्लीभराचे पासवर्ड होते. कोणाला नोकरी हवी आहे, कोण किती अडलेलं आहे, हे त्याला रोज बसल्या जागी कळत होतं. दुकानात प्लायवूडच्या आडोशामागे त्याचा मेहुणा सापडला. तोच 'सर'. लॅपटॉपात आधारच्या प्रतींचा ढीग होता. दुकानदार तासभर 'मैं तो सिर्फ फॉर्म भरता हूँ' म्हणत राहिला. मी ती वही त्याच्यासमोर उघडी ठेवली. चौथी नोंद वाचून झाल्यावर त्याने पाणी मागितलं.

रविवारी ती ठाण्यात आली. बसा म्हटलं तरी बसेना.

"आता काय लिहू साहेब?"

"'नाही' असं लिहा. तुम्ही साक्षीदार आहात."

तिने मान हलवली. मग हळूच म्हणाली, "आणि या तीन आठवड्यांचा अनुभव लिहू का?" मला हसू आलं. ती हसत नव्हती. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

खोटं बोलणारा माणूस तुम्हाला गोष्ट सांगतो आणि खरं बोलणारा काहीतरी दाखवायला धडपडतो, हे मी नवीन पोरांना शिकवत असे. समोर धडपडणारी बाई मात्र मला दोन दिवस दिसली नाही. आणि एवढी नेटकी बाई फसली कशी, हे कोडं तर तेव्हा सुटलंच नाही.

ते निवृत्तीनंतर सुटलं. घरात बसून कंटाळलो, तेव्हा मुलीने माझा बायोडेटा एका वेबसाइटवर टाकला. चार महिने कोणी विचारलं नाही. मग एका दुपारी फोन आला: "अभिनंदन सर, सिक्युरिटी ऑफिसर म्हणून तुमची निवड झालीय. फक्त आधारचा फोटो पाठवा." मला खरंच आनंद झाला. आपण अजून कोणाला तरी हवे आहोत, असं वाटलं. पाकिटातून आधार काढून मी टेबलावर ठेवलंही होतं.

मग मुलीची एक जुनी वही ओढली, पट्टीने रकाने आखले आणि आधी वेळ लिहिली.