होयबाचं पहिलं नको

गल्लीतल्या न्हाव्याला सगळे होयबा म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून वाद घालायचा नसतो, हे तो बापाच्या हाताखाली शिकला आणि दुकानाबाहेरही तसाच वागत राहिला. कोणी गळ घातली की झालं, हा बाबा अडकला. चावणारे बूट, न उघडणारी छत्री, शेजाऱ्याने टाकायला काढलेलं कपाट, सगळं भिडेखातर घरात आलेलं. बायको कपाळाला हात लावायची आणि सांभाळून घ्यायची.

मागच्या गाडीने मात्र हद्द केली. एका ओळखीच्याने गोड बोलून ती जुनी गाडी त्याच्या गळ्यात मारली. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, व्यायामासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळात जावं लागे, आणि बसची पायरी तिला चढवत नसे. तर ही गाडी उड्डाणपुलावरच बंद पडली. बाई काठी टेकत, भर उन्हात पूल उतरली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, की पुन्हा असं झालं तर मी व्यायामाला जायचीच नाही, राहीन अशीच लंगडत. होयबाने हाय खाल्ली.

ती गाडी भंगारात गेली आणि दुसरी जुनी बघायची वेळ आली. मेहुणा टॅक्सीवाला. त्याने बजावलं, उजेडी जा, गंज बघ, आणि मुख्य म्हणजे इंजिन गार असताना चालू करायला लाव. मालकाला तसं आधीच सांगून ठेव. बायकोने वेगळंच बजावलं. म्हणाली, दुकानातल्या आरशासमोर उभं राहून रोज 'नको' म्हणा, जिभेला सवय होऊ दे. बिचारा म्हणायला लागला. एकदा गिऱ्हाइकाने मिशी बारीक करायला सांगितली, तर याच्या तोंडून 'नको' निघून गेलं. गिऱ्हाईक खुर्चीत हसून हसून बेजार.

गाडीचे मालक निवृत्त मास्तर, राजा माणूस. होयबाने फोनवर त्यांना बायकोच्या गुडघ्याचं सांगितलं होतं, आणि इंजिन गार ठेवायलाही. सावलीत गाडी चकाचक पुसून उभी. मास्तरीणबाईंनी कॉफी दिली, बिस्किटं दिली, वहिनींचा गुडघा कसा आहे म्हणून आपुलकीने विचारलं. होयबा विरघळला. 'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. उठताना आधाराला त्याने बॉनेटवर हात टेकला. बॉनेट गरम होतं.

सकाळी गाडी काढली होती का, असं त्याने चाचरत विचारलं. छे, कालपासून जागची हलली नाही, मास्तर दारातल्या कुंडीकडे बघत म्हणाले.  वडिलांच्या वयाचा माणूस, त्याची कॉफी प्यायलेली, त्याला तोंडावर काय बोलायचं? मग त्याला काठी टेकत पूल उतरणारी बायको दिसली.

"नको," तो म्हणाला. आवाज चिरकाच निघाला, पण निघाला. "मास्तर, मला ही गाडी नको."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. हळूहळू बोलू लागले. गार असली की ही सुरूच होत नाही, आज शेजाऱ्याने ढकलून सुरू करून दिली. घरातले म्हणाले, तुम्ही काही बोलू नका.

"तुम्ही फोनवर वहिनींचं सांगितलंत ना, तेव्हापासून मला चैन नव्हतं," मास्तर म्हणाले. "बरं झालं नको म्हणालात."

घरी बायको खिडकीशी उभी होती. तिने आधी रस्त्यावर पाहिलं, गाडी नव्हती. मग नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, निदान एखादी कुंडी तरी गळ्यात मारली असेल म्हणून.

"काय घेऊन आलात?"

"काही नाही."

तिने पुन्हा विचारलं, आणि तो पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. ती हसत सुटली, हसता हसता डोळे पुसले. गाडी मिळेल हो कुठलीतरी चांगली, म्हणाली, आता मला भीती नाही. मग काठी भिंतीला टेकवून तिने हात पुढे केला.

"धरा जरा. गाडी येईपर्यंत व्यायाम घरीच करू."