कपडे कुणाचे?

आमच्या बऱ्हाणपुरात असा एक माणूस दाखवा, ज्याने फोटोवाल्या सरांसमोर दुसऱ्याचे कपडे घालून फोटो काढून घेतला नाही. मी त्याला भर चौकात बसवून किलोभर मावा जिलेबी खाऊ घालीन. असा कुणी सापडलाच, तर तो एक तर परगावचा असेल, नाही तर अजून दहावीला पोचला नसेल. सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. दहावीचा वर्ग निरोपाला आला, की शनिवारी सकाळी चित्रकलेच्या खोलीत खिडकीपाशी स्टूल मांडायचे, मागे चादर बांधायचे आणि एकेकाला बोलवायचे. नियम एकच, स्वतः बनून यायचं नाही. घरातल्या किंवा गल्लीतल्या कुणाचे तरी कपडे अंगावर चढवायचे आणि तो माणूस बसतो तसं बसायचं. मग तो फोटो खोलीच्या भिंतीवर लागायचा आणि खाली सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: नाव, इयत्ता, कपडे कुणाचे.

राजे, देव आणि पुढारी यांना सक्त बंदी. आमच्या वर्गातला जैनाबादचा एक पोरगा पुठ्ठ्याचा मुकुट घालून, सायकलवर पूल ओलांडून आला होता. सरांनी त्याला दारातच अडवलं. "काहून रे, राजा तुझ्या घरी राहतो का?" "नाही सर." "मग त्याची पाठ कुठं दुखते, तुला काय ठाऊक? जा, ज्याची पाठ माहीत आहे त्याचा सदरा घेऊन ये." बिचारा पुढच्या शनिवारी काकाचा सदरा घालून हजर. काका शाहपूरला ट्रकमध्ये केळीचे घड भरायचा, त्यामुळे उजव्या खांद्यावर चिकाचे काळे डाग पडलेले. पोरगा स्टुलावर बसला आणि आपसूक त्याचा उजवा खांदा खाली आला. "हां, आता आला तू," म्हणत सरांनी बटण दाबलं. एका मुलीने तर आईची साडी नेसून, कमरेला किल्ल्या खोचून कमालच केली. सर कॅमेरा नीट करत होते, तेवढ्यात "आलेच हं, दूध ठेवलंय," म्हणून ती उठून थेट दारापर्यंत गेली! माझं म्हणाल, तर मी वडिलांचा कोट आणि चष्मा घालून गेलो होतो. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. जरा मान खाली केली, की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर. शेवटी मी हनुवटी वर करून ताठ बसलो. सर म्हणाले, "आता कळलं, वडील तुझ्याशी मान वर करून काहून बोलतात? आकड नाही रे ती, चष्मा घसरतो." पंधरा वर्षं मी त्या माणसाला गर्विष्ठ समजत होतो. त्या संध्याकाळी मी गुपचूप चष्मा दुकानात नेला आणि काडी बदलून आणली.

सरांचं हे वेड शाळेत ठेवून घरी येणारं नव्हतं. देवळात गेले, की बाहेर पडताना मुद्दाम दुसऱ्याच्या चपला पायात घालायचे, कोपऱ्यापर्यंत चालून यायचे आणि गुपचूप जागच्या जागी ठेवायचे. एकदा चपलेचा मालक अर्ध्यातच दर्शन आटोपून बाहेर आला आणि "पकडो, मेरी चप्पल!" म्हणून ओरडत सुटला. मी बाजूला उभा, लाजेने मेल्याहून मेलो. सर मात्र शांत. "भाईसाहब, चोर नहीं हूँ. आपकी दाईं एड़ी बहुत घिसती है. घुटना दिखा लो." मालक बघतच राहिला, कारण त्याचा उजवा गुडघा सहा महिने ठणकत होता. पुढे तो सरांना रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा, अर्थात गुडघा वाकेल तेवढाच.

स्टुलावर बसलेलं प्रत्येक पोर एक प्रश्न हमखास विचारायचं, "सर, हसू का?" आणि उत्तर ठरलेलं, "हसू नको. हसला की वेष उतरतो, मग तूच उरतो." त्यामुळे त्या भिंतीवर एवढी माणसं आहेत, पण हसरं एकही नाही. आणि भिंतीवर नव्हते ते सर स्वतः. आधार कार्डाचा सोडला, तर त्यांचा फोटो कुणाकडेही नव्हता. कुणी मोबाइल वर केला, की हे छत्री आडवी धरायचे. सर निवृत्त झाले, मी त्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो, त्यांचा तास आणि ते स्टूल माझ्याकडे आलं, तरी छत्री काही हलली नाही.

यंदा कळलं, की सर कायमचे सुरतेला मुलाकडे चालले आहेत, रविवारच्या गाडीने. मला काही सुचेना. अख्ख्या गावाला भिंतीवर बसवणारा माणूस भिंतीवर न बसताच जाणार? मी तडक त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, "सर, एक फोटो. आता नाही म्हणू नका." त्यांनी बॅगेचं कुलूप लावलं. मग म्हणाले, "नियम माहीत आहे ना? शनिवारी येतो."

शनिवारी सर रिक्षातून उतरले ते भर उन्हात ओव्हरकोट घालून. चादरीमागे जाऊन कोट उतरवला आणि बाहेर आले. पांढरा शर्ट, निळी हाफ पँट, खांद्याला कापडी दप्तर, तेल लावून चापून बसवलेले चार केस आणि खाली काटकुळे पाय. "टेलर म्हणे, नातवाला आणा, माप घेतो," सर म्हणाले. "म्हटलं, घे बाबा, नातू इथंच उभा आहे."

स्टुलावर बसता बसता त्यांनी सांगितलं. "देडतलाईला गावच्या शाळेत चौथीत होतो. बऱ्हाणपूरहून फोटोवाला आला. पांढरा शर्ट असेल त्यानंच बसायचं, असा हेडमास्तरांचा हुकूम. आम्ही अकरा पोरं, आणि धड शर्ट एकच. एकाचा फोटो झाला की काढायचा, पुढच्याला द्यायचा. दहा जण त्याच शर्टात बसले, पण दहाही वेगळे दिसत होते बघ. तिथंच हे वेड लागलं. माझा नंबर शेवटचा. मी शर्ट घातला, गुंड्या लावल्या, तर फोटोवाला म्हणतो, रीळ संपलं."

"मग?"

"मग काय, शर्ट परत केला."

मी कॅमेऱ्याशी उगाच खटपट करत राहिलो. समोर पोरगा चौथीतला, त्याला अहो-जाहो कसं करायचं? आणि सरांना अरे म्हणायला जीभ उचलेना. इतक्यात तो पोरगा हात मांडीवर ठेवून, पाय जुळवून मला विचारतो, "सर, हसू का?"

मी कसाबसा म्हणालो, "हसू नको रे."

आणि सर खदखदून हसले. मी तेवढ्यात बटण दाबलं.

रविवारी गाडी गेली. सोमवारी मी तो फोटो भिंतीवर लावला, वडिलांच्या चष्म्यातल्या माझ्या शेजारी. पोरं विचारतात, "सर, ये हाफ पँटवाले दादाजी कौन हैं?" मी चिठ्ठीकडे बोट दाखवतो. ती लिहायला मला अख्खी मधली सुट्टी लागली होती. नावाच्या जागी सरांचं नाव आहे. इयत्ता चौथी. कपडे स्वतःचे.