एटीकेटी आणि हो सर

दरवर्षी प्रवेश आटोपले की प्राचार्य मला बोलावतात आणि म्हणतात, "सर, नव्या पोरांना ते शब्द तुम्हीच समजावून सांगा. तुमचं ऐकतात ते." माझं कोणी ऐकत नाही. घरी ऐकत नाही, वर्गात ऐकत नाही. पण अकोल्याच्या आमच्या कॉलेजात सेवाज्येष्ठता म्हणजे नको ती कामं कोणाच्या गळ्यात आधी पडायची याचा क्रम. म्हणून मी भूगोलाचा माणूस असून हे काम माझ्याकडे.

मग हॉलमध्ये पोरं बसतात आणि मी माझा कागद काढतो. सेमिस्टर म्हणजे वर्षाचे दोन तुकडे, परीक्षा दोन्ही तुकड्यांना. मेजर म्हणजे ज्यात पदवी मिळणार तो विषय, मायनर म्हणजे त्याच्या सोबतीचा. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, तास जास्त तर क्रेडिट जास्त. इंटर्नल म्हणजे कॉलेजच्या हातातले मार्क, म्हणून सरांशी नीट वागा. बोनाफाईड म्हणजे तुम्ही इथंच शिकता याचा दाखला, आणि तो मागायला गेलं की ऑफिसवाले तुम्ही इथंच शिकता याचा पुरावा मागतात. का मागतात ते मला विचारू नका, मी विचारून थकलो.

शेवटी मी म्हणतो, "समजलं का?" आणि सगळा हॉल एका सुरात म्हणतो, "हो सर."

या 'हो सर'नं माझं डोकं उठवलंय. आमच्याकडे मास्तरानं 'समजलं का' विचारल्यावर 'नाही' म्हणणं म्हणजे मास्तराला शिकवता येत नाही असं चारचौघांत सांगणं. तेवढा अपमान कोणी करत नाही. समजो न समजो, मुंडी आधी हलते. आणि आठ दिवसांनी हीच मंडळी एकेक करून स्टाफरूमच्या दारात, "सर, ते क्रेडिट म्हणजे काय व्हय?"

यंदा मार्चमध्ये अशीच एक मुलगी दारात उभी राहिली. दुसऱ्या वर्षाची, अकोटच्याही पुढच्या गावची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. हातात निकालाचे कागद. पहिल्या सेमिस्टरचा अर्थशास्त्राचा पेपर राहिलेला होता.

"याचा फॉर्म कधी भरला?"

"कशाचा सर?"

"अगं, बॅकलॉगचा. राहिलेल्या पेपरचा."

"पण सर, मले तं एटीकेटी लागली व्हती. तुमीच सांगतलं, एटीकेटी लागली का पुढच्या वर्गात बसाले भेटते. मंग मी बसली."

मी कपाळाला हात लावला. "बसता येतं, पण मागचा पेपर पुन्हा द्यावाच लागतो. पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्यात घेत नाहीत. समजलं नव्हतं तर हो कावून म्हटलं?"

ती फरशीकडे पाहत म्हणाली, "सगळेच म्हणत व्हते सर."

मी आणखी बोललो, बरंच बोललो. ती ऐकत राहिली. मग तिनं हळूच विचारलं की वर्ष गेलं तर वसतिगृहातली जागा राहते का. राहत नाही. आणि जागा गेली की तिच्या गावाहून रोज अकोल्याला येणं-जाणं होत नाही, म्हणजे कॉलेजच संपलं. हे मला माहीत होतं आणि तिलाही.

ती गेल्यावर मी खणातून माझा तो कागद काढला. ती पुन्हा आली की दाखवून तिची चूक पदरात घालायची होती. कागदावर लिहिलं होतं : 'एटीकेटी – एखाद-दुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येते. घाबरू नये.' पुढं काही नाही. मग आठवलं. तिच्या वर्षाच्या पोरांना हे सांगताना पाहुण्यांचा चहा आला होता आणि मी म्हणालो होतो, बाकीचं नंतर सांगतो. ते नंतर कधी आलंच नाही. मला स्वतःचा असा राग आला की तो कागद मी चुरगाळून टाकला आणि मग परत सरळ केला, कारण दुसरी प्रत नव्हती.

कॉलेजमधली फॉर्मची मुदत संपलेली. ऑफिसातल्या बाबूनं सांगितलं, प्राचार्यांचं पत्र जोडून फॉर्म हातोहात अमरावतीला विद्यापीठात द्या, उद्या पाचपर्यंत घेतील, त्यानंतर नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सकाळची एसटी धरली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, माझी कटकट चालूच. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग छापायचा, मग सही-शिक्का घ्यायचा, मग शंभर किलोमीटर नेऊन हातानं द्यायचा. याला ऑनलाइन कोण म्हणतं? मुलगी फाईल पोटाशी धरून बसली होती.

विद्यापीठातल्या खिडकीवरच्या बाबूनं चष्मा कपाळावर सरकवला, कागद चाळले आणि एका दमात सांगून टाकलं. इनवर्ड, परीक्षा विभाग, पात्रता, पत्रातला उल्लेख, त्रुटीत गेलं तर परत. मागं रांग खोळंबलेली.

"समजलं ना सर?"

"हो साहेब," मी म्हटलं आणि वळलो.

मुलगी हलली नाही. खिडकीत वाकून म्हणाली, "मले नाई समजलं साहेब. परत सांगा."

माझे कान तापले. सोबत सर उभे, आणि ही बाई रांगेसमोर असं म्हणते. बाबूनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पत्रावर बोट ठेवून सावकाश सांगितलं. कोणतं सेमिस्टर, कोणता पेपर, हे प्राचार्यांच्या पत्रात लिहिलेलंच नाही. नुसतं 'परवानगी द्यावी' लिहिलंय. असा फॉर्म आत जातो आणि परत येतो.

"परत कधी येते साहेब?"

"परीक्षा झाल्यावर," बाबू म्हणाला.

मग फोन झाले. प्राचार्य मीटिंगमध्ये, ऑफिसातला बाबू जेवायला, सगळं रीतीप्रमाणे. नवीन पत्र मेलवर यायला साडेचार वाजले. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे वीज नव्हती, पलीकडच्याकडे पळालो. पाचला दहा कमी असताना फॉर्मवर इनवर्डचा, म्हणजे जमा झाल्याचा, शिक्का पडला. मुलीनं शिक्का नीट वाचला आणि पुन्हा खिडकीत वाकली. "आता झालं का साहेब, का अजून काई राह्यलं?"

"झालं बाई, जा आता," बाबू म्हणाला.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बडनेरा मागं पडलं. मग तिनं विचारलं, "सर, त्या साहेबानं पयल्यांदा सांगतलं तवा तुमाले समजलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग हो कावून म्हटलं सर?"