चढलेला आवाज

घरातून पहिलाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्यानं पोलिसांविषयी लिहिणं आगाऊपणाचं आहे, माफ करा. पण ज्याच्याविषयी लिहितोय तो शिपाई माझा सख्खा भाऊ आहे.

सुट्टीत माझ्यासमोरच, रस्त्यावर बसली म्हणून दादानं एका भाजीवालीचा तराजू उचलून जीपमध्ये टाकला. ती ओरडली, "वर्दी घातलीस म्हणून आईच्या वयाच्या बाईवर गुरकावतोस व्हय रे?" दादा तिच्याहून मोठ्यानं ओरडला. मी लाजेनं मान खाली घातली. दादासोबतच्या वयस्क पोलीसबाई मात्र तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "मावशी, मेथी कशी दिली?"

तिचा आवाज लगेच उतरला. आवाज आधी वर्दीनं उतरवायचा असतो, असं वाटलं. तराजू मात्र जीपमध्येच राहिला.

काल आईचा फोन आला. म्हणाली, दादा तराजू परत द्यायला गेला होता. त्या भाजीवाल्या मावशी धंदा सोडून गावी गेल्या होत्या.